येरळाकाठचे दुसरे डाव

आमच्या भागात नोकरी ‘लागते’ आणि नोकरी ‘सुटते’. ठेच लागते तशी लागते आणि दावं सुटतं तशी सुटते. ‘मी नोकरी धरली’, ‘मी नोकरी सोडली’ असं छातीठोक म्हणणारा माणूस माझ्या लहानपणी गावात नव्हता. आणि सुटायची ती अशा वयात सुटायची, की पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हातारी अंथरुणाला खिळलेली, आणि स्वतःचे गुडघे नुकते बोलायला लागलेले.

पोरगं सोळा-सतरा वर्षांचं झालं की त्याला एस.टी.त बसवून द्यायची रीतच होती. विटा, आटपाडीकडचा असला तर गलाईच्या दुकानावर, कुठं केरळात, कुठं कलकत्त्याला, सोनं-चांदी गाळायला. खटाव-माणातला असला तर बहुधा मुंबईला. गिरणीत, गोदीत, माथाडीत. या जाण्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. पण चाळीस-पंचेचाळीसच्या वयात हातचा धंदा गेल्यावर त्याच माणसानं पुढं काय धरलं, कुणाच्या दारात उभा राहिला, हे फारसं कुणी लिहिलं नाही. येरळा नदीच्या पट्ट्यात ही गोष्ट ठळकपणे दोनदा घडली. एकदा १९१० साली आणि एकदा १९८२ नंतर. पहिलीचे पुतळे आहेत. दुसरीचं काही नाही.

येरळा खटाव तालुक्यात उगम पावते आणि खानापूर, तासगाव करत कृष्णेला मिळते. वरचं अंग साताऱ्यात, खालचं सांगलीत. तसं पाहिलं तर हा फरक कालपरवाचा. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. माझे आजोबा मरेपर्यंत स्वतःला सातारकरच म्हणवून घेत.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांनी ऐकलेली असते. माणूस मूळचा बेळगावकडचा, गुर्लहोसूरचा, जन्म १८६९ चा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर डोळ्यांना काही रंग नीट दिसत नाहीत असं निघालं. मग यंत्रांची ड्रॉइंगं शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर झाले. तिथं बढतीची वेळ आली तेव्हा ती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. यांनी राजीनामा दिला आणि बेळगावला येऊन भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलीचं दुकान चालवलं. पुढं कडबा तोडायची यंत्रं, लोखंडी नांगर. जरा बस्तान बसतंय तोवर नगरपालिकेनं जागा खाली करायला सांगितली. चित्रकला गेली, मास्तरकी गेली, दुकान गेलं, आणि वय चाळिशीला टेकलेलं.

त्या वेळी त्यांच्या हातात औंध संस्थानातलं बांधकामाचं एक कंत्राट होतं. औंधच्या गादीवर १९०९ च्या अखेरीस बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच आलेले. सूर्यनमस्काराचे भोक्ते आणि स्वतः चित्रं काढणारे राजे. बहात्तर गावांचं संस्थान, तेही तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं. औंध इकडं खटावात, आटपाडी तिकडं माणदेशात आणि कुंडल खाली कृष्णेच्या अंगाला. राजेसाहेबांनी जागा देऊ केली, दहा हजार रुपये कर्जाऊ दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा बत्तीस एकरांचा माळ पसंत केला. निवडुंग आणि नाग यांशिवाय तिथं काही नव्हतं. मार्च १९१० मध्ये पंचवीस-एक कामगार आणि त्यांची बायकापोरं घेऊन ते तिथं उतरले. आज त्या स्टेशनाचं नाव किर्लोस्करवाडी आहे.

पुढचा भाग सांगताना लोक नेहमी घाई करतात. लोखंडी फाळानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं एका वाक्यात सांगून मोकळे होतात. मला त्या दोन वर्षांशी जरा थांबावंसं वाटतं. दोन वर्षं म्हणजे दोन पावसाळे, दोन दिवाळ्या. माळावर पंचवीस घरांच्या चुली पेटायच्या होत्या. माल अंगणात पडून, त्यावर गंज चढू नये म्हणून पुसायचा. ही दोन वर्षं जिद्दीवर निघाली असं भाषणांत म्हणतात. जिद्द होतीच. पण खाली दहा हजारांचं कर्ज होतं, फुकट मिळालेला माळ होता, आणि ‘बघू पुढच्या सुगीला’ म्हणणारा राजा होता. चाळिशीतल्या माणसाला नवा धंदा करताना हुशारी कमी पडते असं मला कधी दिसलं नाही. कमी पडते ती मधली वर्षं. ती कुणी सांभाळायची, एवढाच प्रश्न असतो.

वाडीत जी माणसं जमली तीही मजेची. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर तिथं यंत्रं रचू लागले. मंगेशराव रेगे हिशेब बघायचे. वाडीच्या राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग होते. दरोड्यांत नाव गाजलेली ही दोन माणसं रात्री कारखान्याभोवती फिरत आणि लोक दार लोटून निवांत झोपत. त्यांना दुसरं काम देताना लक्ष्मणरावांनी मागचा दाखला मागितला नाही. याच औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली कैद्यांची वसाहत निघाली. तिथं शिक्षा झालेली माणसं बायकापोरांसह शेती करू लागली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा शांतारामबापूंचा चित्रपट त्यावरून सुचला आणि त्याची कथा माडगूळच्या गदिमांनीच लिहिली. माणदेशाला दुसरा डाव नवा नव्हता, एवढं सांगण्यापुरतंच हे.

किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकत फिरणारा एक उंचापुरा, आवाज खणखणीत असलेला विक्रेता होता. घर ऐतवडे बुद्रुकचं. आधी साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, ओगल्यांचे कंदील विकले, मग नांगर. बैलगाडीनं, पायी, मुक्कामाला कधी देवळात, कधी चावडीत. गावोगाव बघितलं काय, तर नांगर घ्यायला आलेल्या शेतकऱ्याला पावती वाचता येत नाही. १९१९ साली कराडजवळ काल्याला त्यानं रयत शिक्षण संस्था काढली. भाऊराव पाटील तेव्हा बत्तिशीचे होते. पुढं साताऱ्याचं वसतिगृह चालवताना धान्य संपलं की लक्ष्मीबाईंच्या अंगावरचा एकेक दागिना गेला आणि शेवटी मंगळसूत्रही गेलं. इथं औंधचा राजा नव्हता. मधली वर्षं बायकोच्या गळ्यातून निघाली.

आता ज्यांच्यामागं राजा नव्हता आणि ज्यांच्या बायकोच्या गळ्यात काळ्या मण्यांखेरीज काही नव्हतं, त्यांच्याकडं येतो.

माझे थोरले चुलते, आप्पा, १९५५ च्या सुमारास मुंबईला गेले. लालबागेत गावच्या नावाची एक खोली होती. तीन पाळ्यांची माणसं आळीपाळीनं तिच्यात झोपायची. पहिली काही वर्षं ‘बदली’. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि कुणी कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं. जॉबरची मर्जी, गावचा वशिला आणि नशीब या तीन पायांवर ते काम उभं. पुढं ते साच्यावर कायम झाले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. त्या खात्यातला आवाज असा, की पंचवीस वर्षांत कान निम्मे गेले. गावी आले की मोठ्यानं बोलायचे आणि समोरच्याच्या ओठांकडं बघून ऐकायचे. आम्हा पोरांना वाटायचं, मुंबईची माणसं अशीच बोलत असतील.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आप्पा होळीच्या आधी गावी आले. पत्र्याची ट्रंक, वळकटी आणि कपाळाला आठी. “दोन-चार आठवड्यांत मिटंल,” म्हणाले. ट्रंक उघडलीच नाही. खाकी पॅन्ट इस्त्री करून आत तशीच. खेड्यापाड्यांतून संपकऱ्यांसाठी धान्य जमा होत होतं. आमच्या गावानंही ज्वारीची पोती दिली. पहिलं वर्ष असं आशेवर गेलं. तो संप रीतसर मागं घेतल्याचं आजतागायत कुणी जाहीर केलेलं नाही.

आप्पा त्या वेळी चव्वेचाळीस वर्षांचे. घरात तीन भावांत मिळून सात एकर, त्यातलं निम्मं खडकाळ. पंचवीस वर्षं त्यांची मनीऑर्डर यायची, तिच्यावर विहिरीचं काम झालं, दोन बहिणींची लग्नं झाली. शेतावर मात्र राज्य थोरल्या आईचं. पेरणी कधी, बी कुठलं, बैल कुणाचे मागायचे, सगळं ती ठरवायची. आता कर्ता माणूस घरी येऊन बसला आणि त्याला पाभर धरता येईना. पैसा पाठवणारा माणूस घरात आला की मान असतो. तोच जेवणारा झाला की ताटात वाढतानाचा हात बदलतो. कुणी काही बोलत नव्हतं. पण आप्पा सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसू लागले, हे मला चांगलं आठवतंय.

त्यांनी काम शोधलं नाही असं नाही. इचलकरंजीला जाऊन आले, विट्याला यंत्रमागवाल्यांची दारं हिंडले. साचा त्यांना अंगठ्याच्या नखासारखा ठाऊक. पण मालकांना अठरा-वीसची पोरं हवी होती. एकानं तोंडावर सांगितलं, “वय झालंय, आप्पा. आणि गिरणीवाला म्हंजी युनियनवाला. आमचं आठ मागांचं दुकान, आम्हाला परवडत न्हाई.” वयाचं सोडा, कसब असूनही माणूस नाकारला जातो आणि त्याच कसबाच्या संगतीनं आलेल्या सवयीपायी नाकारला जातो, हे त्यांना फार लागलं. दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत.

मग उरली रोजगार हमी. आता ही योजना कुठून आली तेही सांगायला हवं, कारण ती आमच्याच मातीतली आहे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम द्यायचं, हा पहिला प्रयोग त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात घडवून आणला. बहात्तरच्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणं, वर सुकडी आणि मिलो. १९७७ मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला. काम हा हक्क म्हणून मागता येऊ लागला. दिल्लीनं २००५ साली देशासाठी असा कायदा केला, त्याच्या आधी ही सगळी वर्षं. आणि या योजनेला पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून. आप्पांच्या पगाराच्या चिठ्ठीवर तो दरमहा कापलेला असायचा. ते कुरकुरायचे, “कशाचा कर हा, कुणाला जातो देव जाणे.” तो कुठं जातो हे त्यांना हातोडा हातात आल्यावर कळलं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात गावाच्या वरच्या अंगाला खडीचं काम निघालं. थोरली आई बहात्तरपासूनची मुरलेली. आप्पा पहिल्या दिवशी पॅन्ट घालून गेले आणि लांब बाभळीखाली उभे राहिले. दुपारी ती त्यांच्याजवळ भाकरी घेऊन गेली आणि येताना त्यांना बरोबर घेऊन आली. दगड कसा मांडायचा, शीर कुठं बघायची, हे तिनं त्यांना दाखवलं. “खांद्यानं न्हवं, मनगटानं मारा. आन् डोळं बारीक करा, कपची उडंल.” पंचवीस वर्षं साचा चालवलेल्या माणसाला शिकवायला बायको बसली होती, आणि भोवती सगळा गाव. आठवड्याअखेरीस दोघांची खडी मोजली. तिची जास्त भरली. मजुरी मोजमापावर, त्यात बाई-गडी असा भेद नव्हता. तिनं पैसे कमरेच्या पिशवीत टाकले आणि एक शब्द बोलली नाही. तिचं मोठेपण मला तिथं दिसतं.

पण आप्पा दुसऱ्याच कारणानं कामाला आले. त्यांना मस्टर वाचता यायचं. गिरणीत वारावर आणि गजावर पगार घेतलेला माणूस. मोजमाप कसं होतं, कुठं मारलं जातं, हे त्यांना बरोबर दिसायचं. मस्टरवर नसलेल्या माणसांची नावं आहेत आणि असलेल्यांचे दिवस कमी लावलेत, हे त्यांनी उघड्यावर वाचून दाखवलं. मुकादम गडबडला. पुढच्या आठवड्यापासून बायका मोजमापाच्या वेळी आप्पांना हाक मारू लागल्या. ज्या सवयीपायी यंत्रमागावर दार बंद झालं होतं, त्याच सवयीनं इथं चटई टाकली.

असे आप्पा त्या वर्षी खानापूर तालुक्यात एकटे नव्हते. गिरण्यांतून परतलेल्या अशाच माणसांतून, वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या भारत पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांच्या साथीनं, मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. सुरुवात मजुरीच्या मागण्यांनी झाली. मग प्रश्न पुढं सरकला. वर्षानुवर्षं खडी फोडून दुष्काळ हटला का? मग हीच मजुरी पाणी अडवायला का लावायची नाही? लोकविज्ञानवाले आले, विद्यापीठातली पोरं आली, पाऊस किती, माती कुठली, येरळा का आटली, याची पाहणी झाली. नदीतली वाळू ठेकेदार ट्रकांनी उपसून नेत होते आणि विहिरींचं पाणी खाली जात होतं. बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी म्हटलं, वाळू आमच्या नदीची, थोडी आम्ही विकू आणि तिच्या पैशातून बंधारा बांधू. सरकारशी भांडून ती परवानगी मिळवली. के. आर. दाते यांच्यासारख्या इंजिनियरांनी मदत केली. त्यातून येरळेवर बळीराजा स्मृती धरण झालं. पाण्याचा वाटा जमिनीच्या मापानं नव्हे, माणसांच्या मापानं द्यायचा, भूमिहीनालाही द्यायचा, आणि उसाला द्यायचा नाही, असा ठराव. पुढं सांगली-साताऱ्यात समन्यायी पाणीवाटपाच्या ज्या लढाया झाल्या, त्यांची मुळी इथं आहे.

आप्पा तिथं श्रमदानाला जाऊन आले. दगड रचताना पडलेल्या जखमेचा व्रण मनगटावर होता, तो ते साच्याच्या जखमेपेक्षा जास्त कौतुकानं दाखवायचे. मात्र धरणानं त्यांचं पोट भरलं असं मी लिहिणार नाही. आमचं गाव त्या पाण्याच्या वर. चळवळीनं माणूस ताठ उभा राहिला. डाळ-मिठाला मात्र दुसरं काहीतरी लागायचंच.

ते १९८५ च्या दिवाळीनंतर लागलं. विट्यात एका कारखान्यातले माग सारखे अडत होते. कुणीतरी आप्पांना दाखवायला नेलं. माणसांचं बोलणं धड ऐकू न येणारा हा गृहस्थ मागाजवळ गेला, मान तिरकी करून मिनिटभर उभा राहिला आणि म्हणाला, “धोट्याचा मार चुकतोय.” चुकतच होता. तिथं ते जॉबर म्हणून राहिले. मुंबईत ज्या जॉबराला चहा पाजून बदली मिळवायची, तोच हुद्दा. फरक एवढाच, की पगार गिरणीच्या निम्म्याहून कमी, पाळी बारा तासांची, फंड नाही, रजा नाही. वय सत्तेचाळीस. रोज सकाळी सायकलीनं जायचे. तिथं चौदा वर्षं काढली. युनियन काढली नाही. पण पोरांना पगाराच्या दिवशी हिशेब कसा मांडायचा ते शिकवून ठेवलं, एवढं मला तिथल्याच एका पोरानं सांगितलं.

लक्ष्मणरावांना दोन वर्षं मिळाली. आप्पांना साडेतीन वर्षं काढावी लागली, आणि त्यांच्यामागं थोरल्या आईची खडी होती, सात एकरांतली ज्वारी होती, आणि तासगावच्या एका सभापतीनं सुचवलेली योजना होती. त्यांच्याबरोबर मुंबईहून परतलेल्यांत एक जण साताऱ्यात रखवालदार झाला, एक मेहुण्याच्या गलाईच्या दुकानावर स्वयंपाकाला राहिला. दोघं दारूत गेले. त्यांच्याकडं मध्ये काढायला काही नव्हतं. आमच्या गावात कुणी कुणाला आळशी म्हणायला लागलं की मी ही दोन घरं आठवतो.

१९९९ मध्ये आप्पांनी काम थांबवलं. पुढं टेंभूचं पाणी आमच्या भागात आलं, डाळिंबं आली, आणि पोरं घरच्या रानात उभी राहिली. गिरण्यांच्या जागेवर कामगारांना घरं द्यायची ठरली, सोडती निघू लागल्या, तेव्हा गावोगाव जुन्या ट्रंका उघडल्या गेल्या. हजेरीचा पास, फंडाचा नंबर, तिकीट नंबर. आप्पांचा पास इस्त्रीच्या पॅन्टच्या खिशात सापडला, कडा उंदरानं कुरतडलेल्या, नंबर शाबूत. तोवर ते गेले होते. वारस म्हणून थोरल्या आईचा अर्ज भरला. भरताना तिला विचारलं, तुझा धंदा काय लिहू? ती म्हणाली, “खडी लिव.” आम्ही ‘घरकाम’ लिहिलं. घर अजून लागलेलं नाही.